सबर कर, बाय!

आमच्या मोहल्ल्यात मुलगी सासर सोडून परत आली की भेटायला येणारी प्रत्येक बाई तिला एकच सांगते, "सबर कर, बाय." चहा होतो, खारी होते. निघताना तीच बाई दारात मुलीच्या अम्मीला हळूच विचारते, "नक्की झालं काय?" मुलीला मात्र कोणी विचारत नाही. माझ्या नात्यातल्या एका घरात अशी लेक परत आली तेव्हा येणाऱ्या-जाणाऱ्याला "चार दिवसांसाठी आलीय" असं सांगितलं जायचं. त्याला आता तीन वर्षं झाली.

तिची आठवण झाली ती अमिताव घोष यांची 'द ग्लास पॅलेस' पुन्हा वाचताना. सन २०००ची ही कादंबरी. आम्हा रत्नागिरीकरांना तिचं कौतुक थिबा राजामुळे. राजवाडा आमचा, थिबा पॉइंट आमचा. राजाची समाधीही इथेच आहे आणि डिसेंबर २०१२मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष ती पाहायला आले होते. कादंबरीतली डॉली मात्र आमच्या बोलण्यात कधी येत नाही. मला बोलायचंय ते तिच्याबद्दल.

१८८५च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि राजाला कैद करून आधी मद्रासला आणि मग, १८८६मध्ये, रत्नागिरीला आणलं. इथवर इतिहास. कादंबरीत त्या ताफ्याबरोबर दहाएक वर्षांची एक अनाथ दासी येते, राजकन्येला कडेवर घेऊन फिरणारी. तीच डॉली. तिचं गाव सुटलं, भाषा सुटली. पण कैदी म्हणून सरकारी कागदावर नाव राजाचं. बरोबरच्या दासी एकेक करून मायदेशी परत जातात, ही राहते. वाढते इथेच, प्रेमातही इथेच पडते, आणि ज्या गाडीवानावर जीव जडतो त्याच्याकडूनच पुढे राजकन्येला दिवस जातात. डॉली तेही गिळते. राजघराण्याची अब्रू सांभाळायची, स्वतःचं दुःख कुणापुढे काढायचं नाही, हीच तिची नोकरी.

या बाईला सगळ्यात जास्त भीती वाटते ती सुटकेची. राजकुमार तिला न्यायला येतो, तेव्हा तिला वाटतं की ब्रह्मदेशात गेले तर मी तिथेही परकीच. हे वाचून कित्येक वाचक वैतागतात. दार उघडलंय, मग निघत का नाही? असं विचारणाऱ्यांनी वीस वर्षं एकाच घरात दबून राहिलेल्या एखाद्या बाईशी बोलून बघावं. कोंडलेल्या माणसाला कोंडवाड्याचीच सवय होते, आणि त्या सवयीला आपण खुशाल "तिला तिथे बरं वाटत होतं" म्हणतो. तलाकच्या बैठकीत हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलंय, चांगल्या शिकल्यासवरल्या माणसाच्या तोंडून.

डॉली अखेर निघते. लग्न होतं, रंगूनला संसार होतो, दोन मुलगे होतात. हिंदी सिनेमा इथे संपला असता. धाकट्याला पोलिओ होतो, त्याच्या उशाशी बसून काढलेल्या दिवसांनंतर ती बदलते, ध्यानाकडे ओढली जाते. मग युद्ध येतं, थोरला मुलगा जातो, सून जाते, नातीला घेऊन ती आणि नवरा हिंदुस्थानात पोचतात. शेवटी डॉली एकटी ब्रह्मदेशात परतते आणि सगाईंगला भिक्खुणींच्या मठात राहते.

"म्हणजे नवऱ्याला टाकून गेली!" एका मित्राने ताडकन म्हटलं. वाचक म्हणून मला हा आक्षेप समजतो, पण मान्य नाही. रत्नागिरीच्या त्या घरात डॉली गप्प होती कारण तिला बोलायची मुभा नव्हती. सगाईंगला ती गप्प आहे कारण तिने ते निवडलंय. बाहेरून दोन्ही गप्पपणं सारखीच दिसतात, म्हणून तर आपली फसगत होते.

सबर हा शब्द आपण असाच फसवून वापरतो. कुरआनात सबराचा दाखला म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवलं जातं ते याकूब अलैहिस्सलाम मुलासाठी रडून रडून दृष्टी गमावतात. घरचे टोकतात, तर ते सांगतात की माझं गाऱ्हाणं मी अल्लाहपुढे मांडतोय. मरियम अलैहस्सलाम खजुरीच्या बुंध्याशी कळा सोसताना याआधीच मेले असते तर बरं, असं म्हणून जातात. त्याबद्दल त्यांना कुणी दरडावत नाही. आधी पाणी मिळतं, खजूर मिळतात, धीर मिळतो, आणि लोकांच्या चौकशांना उत्तर न देण्याची मोकळीक मिळते. रमजानात दरवर्षी हे पठण ऐकणारे आपण, घरी परतलेल्या मुलीच्या डोळ्यात पाणी दिसलं की "नाशुक्री करू नकोस" म्हणतो. हा अर्थ आपण कुठून आणला?

आणि डॉली कल्पनेतली म्हणून ज्यांना सोडून द्यायची आहे, त्यांनी थिबाच्या थोरल्या मुलीकडे बघावं. दरवान गोपाळ सावंत कल्पनेतला नव्हता. त्याच्यापासून राजकन्येला १९०६मध्ये मुलगी झाली, टुटू. १९१९मध्ये राजाचं कुटुंब ब्रह्मदेशात परतलं, पण थोरली पुन्हा रत्नागिरीलाच आली, आधीच बायको असलेल्या त्या माणसाच्या ओढीने. इथेच ओढगस्तीत १९४७मध्ये वारली. टुटू मराठी बोलत, कष्ट करत आमच्यातलीच एक होऊन जगली. राजाच्या समाधीवर राष्ट्राध्यक्ष येतात. थोरल्या राजकन्येचं नाव विचारलं तर वाड्यावर फिरायला नेणारे आमच्यातले किती जण सांगू शकतील? तिला स्वतःबद्दल काय वाटत होतं हे तिच्या हयातीत कुणी विचारलं असेल, असं मला तरी वाटत नाही. घोषांनी निदान एका दासीपुरतं ते विचारलं.

मागच्या महिन्यात त्या नात्यातल्या घरी गेलो होतो. तिची अम्मी नेहमीचं वाक्य सुरू करणार, तेवढ्यात आतून ती बाहेर आली, हाताला पीठ तसंच. म्हणाली, "चार दिवस नाही चाचा, मी इथेच राहतेय." अम्मीने मान खाली घातली. मी विचारलं, "बस ना, काय झालं होतं ते सांगशील?" ती म्हणाली, "आज नाही. भाकऱ्या करायच्यात."

मी बसून राहिलो. भाकऱ्या खाऊनच निघालो.