शीरखुर्म्याच्या पुढची गोष्ट

तरुण मुसलमानांना बोलतं करा, त्यांचे अनुभव समाजासमोर येऊ द्या, असं हल्ली सगळेच म्हणतात. म्हणणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण ही मुलं खरंच बोलायला लागली की ऐकणाऱ्यांची चुळबुळ सुरू होते, हे मी वर्षानुवर्षं बघतोय.

सलोख्याच्या कार्यक्रमांना 'चांगली मुलं' हवी असतात. चांगला म्हणजे शुद्ध मराठी बोलणारा आणि न चिडणारा. त्याने ईदच्या शीरखुर्म्याचं सांगावं, शेजारच्या काकूंच्या फराळाचं सांगावं आणि 'मला कधीच भेदभाव जाणवला नाही' म्हणून खाली बसावं. दुसऱ्या प्रकारच्या मंडळींना पीडित हवा असतो. दंगलीची, मारहाणीची गोष्ट असेल तर बोला, नाहीतर तुमच्यात सांगण्यासारखं काय आहे? तिसऱ्यांना बंडखोर लागतो. मुलीने बुरख्याबद्दल आणि मौलवींबद्दल बोलावं, बाकी गप्प राहावं. तिन्ही ठिकाणी गोष्ट आधीच लिहून तयार असते, आमच्या पोरांनी फक्त तोंड हलवायचं.

रविवारी आम्ही काही जण कॉलेजातल्या आणि नव्याने नोकरीला लागलेल्या मुलामुलींबरोबर बसतो. तिथे निघणाऱ्या गोष्टी या साच्यांत बसत नाहीत. मराठवाड्यातून पुण्याला नोकरीसाठी आलेली एक मुलगी सांगते, एजंटने फ्लॅट दाखवला, भाडं ठरलं, डिपॉझिट ठरलं. आधार कार्डावरचं नाव वाचलं आणि म्हणाला, 'मॅडम, मला काही नाही हो, सोसायटीला चालत नाही.' तिला झोंबला तो त्याचा अदबीचा सूर. कोकणातला एक मुलगा घरी कोकणीच बोलतो. त्याला ऑफिसात विचारतात, 'तुमच्या भाषेत याला काय म्हणतात?' त्याला उर्दू वाचताही येत नाही. एका तांबोळी कुटुंबातल्या मुलीचं जमत आलेलं लग्न सय्यद घराण्याने जात विचारून मोडलं. मशिदीत एका सफेत उभे राहणारे आपण सोयरिकीच्या बैठकीत कसे वागतो, हे ती सांगत होती, तेव्हा आमच्यातलेच दोघं उठून बाहेर गेले.

'तुझं मराठी किती छान आहे!' हे कौतुक यातल्या प्रत्येकाने ऐकलंय. 2011च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे 1 कोटी 30 लाख मुसलमान आहेत. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात 'योगसंग्राम' लिहिला, तो मराठीत. बार्शीच्या अमर शेखांनी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात सभा गाजवल्या, त्या मराठीत. चिपळूणजवळच्या मिरजोळीच्या हमीद दलवाईंची 'इंधन' कादंबरी 1965 साली आली, तीही मराठीत. सोलापुरात 1990 साली पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. एवढं असूनही आमचं मराठी 'छान' ठरतं, ते पाहुण्याचं म्हणून. घरच्या माणसाच्या बोलण्याचं कुणी असं कौतुक करत नाही.

आमच्या मोहल्ल्यातही आक्षेप कमी नाहीत. बुजुर्ग म्हणतात, 'कशाला बोलायचं बेटा? नोकरी कर, घर बघ. दिवस बरे नाहीत.' ही भीती खोटी नाही, तिची टिंगल मी करणार नाही. एका व्हॉट्सॲप स्टेटसने घराची झोप उडू शकते, हे आपण पाहतो आहोत. पण गप्प बसल्याने सुरक्षित राहतो, याचा तरी पुरावा कुठे आहे? आपण बोलत नाही, तेव्हा आपल्याबद्दल दुसरे बोलतात, आणि तेच खरं ठरतं.

दुसरा आक्षेप आहे घरच्या गोष्टी चव्हाट्यावर आणण्याचा. हा नवा नाही. 1978 साली दया पवारांचं 'बलुतं' आलं, तेव्हा आपली लक्तरं जगाला कशाला दाखवता, असं त्यांच्याच समाजातून विचारलं गेलं. पण बलुतं, लक्ष्मण मानेंचं 'उपरा', बेबी कांबळेंचं 'जिणं आमुचं' या पुस्तकांनंतर मराठी वाचकाला गावकुसाबाहेरचं जगणं माहीत नाही म्हणायची सोय उरली नाही. आणि ही लिहिणारी माणसं हवेतून आली नव्हती. औरंगाबादेतून गंगाधर पानतावणे 'अस्मितादर्श' चालवत होते. नवख्याचं लिखाण छापणारं, त्याला लिहितं ठेवणारं कुणीतरी होतं. आमच्या पोरांमागे असं कोण उभं आहे? व्यासपीठावरची पाच मिनिटं आणि एक शाल, एवढ्यावर लेखक घडत नाही.

म्हणून मदत करायचीच असेल तर ती वेगळ्या प्रकारे करा. गोष्ट सांगणाऱ्याची असते. नाव द्यायचं की नाही, छापायचं की फाडून टाकायचं, हे तोच ठरवेल. त्याला घरच्या बोलीत सांगू द्या, दखनीत, कोकणीत, खानदेशीत. शुद्धलेखन नंतर बघू. एका बैठकीत कुणी खरं बोलत नाही, चार-पाच बैठका लागतात. ऐकताना 'पण' म्हणू नका. फ्लॅट नाकारल्याचं सांगणाऱ्या मुलीला पाकिस्तानबद्दल आणि तलाकबद्दल खुलासा मागणं, याला संवाद म्हणत नाहीत, ती उलटतपासणी झाली. आणि आमची माणसं जातीबद्दल, बायकांबद्दल बोलतील तेव्हा आपणही उठून जायचं नाही.

एक मागणी हिंदू मित्रांकडे आहे. दरवेळी आम्हीच का सांगायचं? पूर्वग्रह आमच्या घरात तयार झालेला नाही. लहानपणी तुम्हाला आमच्याबद्दल काय सांगितलं गेलं, कुठल्या गल्लीत जाऊ नको म्हटलं गेलं, सोसायटीच्या मीटिंगमध्ये कोण काय बोललं आणि तुम्ही तेव्हा का गप्प राहिलात, ती गोष्ट तुमच्याकडे आहे. तुमच्या पोरांनाही ती सांगायला शिकवा. आमच्या दुःखाला टाळ्या वाजवण्यापेक्षा हे अवघड आहे, आणि जास्त उपयोगाचंही.

गोष्टी सांगून घर मिळत नाही, हे मला कळतं. 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण सोसायटीचा सभासदत्व पारशांपुरतं ठेवण्याचा नियम ग्राह्य धरला. म्हणजे 'सोसायटीला चालत नाही' म्हणणाऱ्यांना अडवायला कायद्याचा हातही कुठे कुठे अपुरा पडतो. तो बदलायचा तर मागणी लागते, मागणीला माणसं लागतात, आणि आपल्यावर अन्याय झाला हे आधी मोठ्याने म्हणावं लागतं. एजंटने नाकारलेल्या त्या मुलीने ही गोष्ट दोन वर्षं आईलाही सांगितली नव्हती. तिला वाटत होतं, आपल्यातच काहीतरी कमी असेल. बैठकीत तिच्यानंतर आणखी सहा जणांनी तेच सांगितलं. त्या दिवसापासून तो तिचा एकटीचा कमीपणा राहिला नाही. सात जणांची तक्रार झाली.