इशारा शेवटच्या झोपडीपर्यंत

२९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावर महाचक्रीवादळ आदळले आणि सरकारी नोंदीनुसारच सुमारे दहा हजार माणसे दगावली. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी त्याच राज्यात गोपाळपूरजवळ ‘फायलिन’ धडकले. मृतांची संख्या मात्र शंभराच्या आत राहिली. समुद्र काही दयाळू झाला नव्हता. पूर्वानुमान अचूक झाले होते आणि त्यावर विश्वास ठेवून लाखो लोकांना वेळेत हलवणारी व्यवस्था उभी राहिली होती.

या पूर्वानुमानामागे शास्त्रज्ञांच्या अनेक पिढ्यांची तपश्चर्या आहे. त्यांतील एक नाव जगदीश शुक्ल. बलिया जिल्ह्यातील मिर्धा या खेड्यात जन्म, काशी हिंदू विश्वविद्यालयात शिक्षण, पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत उमेदवारी आणि पुढे अमेरिकेत संशोधन, असा त्यांचा प्रवास. बंगालच्या उपसागरावरील मान्सूनची न्यूनदाब क्षेत्रे हा त्यांचा प्रारंभीचा विषय. आरंभीच्या निरीक्षणातील सूक्ष्म चूकही वाढत जाते, हे एडवर्ड लोरेन्झ यांनी १९६३ मध्ये सिद्ध केले होते. त्यामुळे सुमारे दोन आठवड्यांपलीकडचे दैनंदिन हवामान सांगता येत नाही. मग चार महिन्यांच्या मान्सूनचे काय? समुद्राचे तापमान, जमिनीतील ओलावा, बर्फाचे आच्छादन या गोष्टी संथपणे बदलतात. त्यांच्या आधारे उष्ण कटिबंधातील ऋतूचे सरासरी रूप ओळखता येईल, असे ज्यूल चार्नी आणि शुक्ल यांनी १९८१ मध्ये मांडले. १९८८ मध्ये भारतात मध्यम पल्ल्याच्या पूर्वानुमानाचे राष्ट्रीय केंद्र उभे राहिले, त्यातही शुक्ल यांचा हातभार होता.

अशा गणितासाठी महासंगणक लागतो. तो मागितला तेव्हा अमेरिकेने मागणीहून कमी क्षमतेचा आणि तोही अटी घालून दिला. या अवहेलनेला पुण्याच्या सी-डॅकने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम’ घडवून उत्तर दिले. त्याच पुण्यात विकसित झालेली, सहा किलोमीटरच्या चौकटीत अंदाज देणारी ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ २६ मे २०२५ रोजी राष्ट्रार्पण झाली. संगणकाच्या चिपसाठी आजही परदेशाकडे पाहावे लागते, हे विसरता कामा नये. तरीही ही वाटचाल अभिमानास्पद आहे.

परंतु अभिमानाने माणूस वाचत नाही. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’चा इशारा आधीच मिळालेला असतानाही मुंबईजवळच्या समुद्रात पी-३०५ हा तराफा बुडाला आणि साठहून अधिक कामगार प्राणांस मुकले. वीज पडून देशात दरवर्षी दोन हजारांहून अधिक जण मरतात. त्यांत बहुसंख्य शेतात राबणारे असतात. वीज पडण्याची सूचना देणारे ‘दामिनी’ ॲप पुण्याच्याच संस्थेने दिले आहे. पण झाडाखाली आडोसा शोधणाऱ्या गुराख्याच्या हाती ते असतेच असे नाही.

१९७७ च्या आंध्रातील वादळापासून आपत्तीनंतर धावून जाणे ही स्वयंसेवकांची परंपरा आहे. आता आपत्तीपूर्वीचे सेवाकार्यही तितक्याच शिस्तीने उभे राहिले पाहिजे. गावातील वृद्ध, आजारी आणि एकटे राहणारे कोण, त्यांना कोणी हलवायचे, मंदिराच्या ध्वनिक्षेपकावरून इशारा कोणी द्यायचा, याची यादी पावसाळ्यापूर्वी प्रत्येक शाखेकडे तयार हवी. दीनदयाळजींच्या अंत्योदयाचा हाच अर्थ आहे. शास्त्रज्ञांनी आपले काम केले आहे. तो इशारा शेवटच्या झोपडीपर्यंत पोहोचवणे हे समाजाचे काम आहे.