आम्ही कुणाचे ‘फील्ड’ नाही : मानवशास्त्र, खैरलांजी आणि आपली वही

काही वर्षांपूर्वी आमच्या वस्तीत एका मोठ्या संस्थेचे अभ्यासपथक आले होते. हातात टॅब, गळ्यात ओळखपत्र आणि भलीमोठी प्रश्नावली. घरात शौचालय आहे का? मोबाईल किती? इंटरनेट कोण वापरते? गावात जातीवरून भेदभाव होतो का? उत्तर फक्त ‘होय’ किंवा ‘नाही’. दोन दिवसांत वस्ती ‘पूर्ण’ झाली. भेदभावाच्या प्रश्नाला बहुतेकांनी ‘नाही’ म्हणून सांगितले, कारण पथकासोबत गावचा उपसरपंच उभा होता आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच बांधीत आमच्या बायांना रोवणीला जायचे होते. निघताना एका म्हाताऱ्या आजीने विचारले, ‘‘मंग आता पुढं का होते, बाबू?’’ बाबूजवळ उत्तर नव्हते.

तो अहवाल आम्हाला कधी पाहायला मिळाला नाही. पण त्यात आमची वस्ती भेदभावमुक्त म्हणून नोंदली गेली असणार, याची आम्हाला खात्री आहे.

म्हणून आज आम्ही एका अशा विषयावर लिहीत आहोत, जो आपल्या तरुणांना विद्यापीठातल्या चार भिंतींचा वाटतो. तो विषय म्हणजे मानवशास्त्र. माणसांचा, त्यांच्या रोजच्या जगण्याचा, राजकारणाचा आणि आता मोबाईल-इंटरनेटचाही अभ्यास करणारे शास्त्र. आमचा मुद्दा सरळ आहे : हे शास्त्र आपल्यावर वापरले गेले, आता ते आपण वापरले पाहिजे. वही कुणाच्या हातात आहे, यावर न्याय कुणाला मिळतो हे ठरते. आम्ही भंडारा जिल्ह्यात राहतो, त्यामुळे हे आम्हाला पुस्तकातून शिकावे लागले नाही.

आधी या शास्त्राची पापे मोजू. मराठीत आजही अनेक जण त्याला ‘मानववंशशास्त्र’ म्हणतात. त्या शब्दातला ‘वंश’ उगाच आलेला नाही. १९०१च्या जनगणनेचा प्रमुख हर्बर्ट रिस्ले याने भारतीयांच्या नाकांची मापे घेऊन जातींची उतरंड वंशाशी जोडली. नाक जितके रुंद तितकी जात खालची, असे त्याचे ‘विज्ञान’. पुढे मॅलिनोव्स्कीने लोकांमध्ये राहून, त्यांची भाषा शिकून अभ्यास करायची पद्धत रुजवली. पण १९६७ साली त्याची खासगी रोजनिशी छापली गेली आणि ज्यांच्यात तो राहिला त्याच माणसांबद्दलचा त्याचा तिरस्कार जगासमोर आला. आपल्याकडे एम. एन. श्रीनिवास १९४८ साली म्हैसूरजवळच्या एका गावात राहिले. राहिले कुठे? गावच्या पाटलाच्या आसऱ्याला. पाटलाच्या ओसरीवरून महारवाडा, मांगवाडा किती दिसणार? जिथे बसाल तिथून गाव दिसते, एवढी साधी ही गोष्ट आहे.

पण इथे थांबून ‘हे सगळे शास्त्रच ब्राह्मणी, फेकून द्या’ असे म्हणणाऱ्या मित्रांना आम्हाला एक तारीख आठवून द्यायची आहे. ९ मे १९१६. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या परिसंवादात २५ वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध वाचला. जातीवरचे बाबासाहेबांचे पहिले मोठे लेखन मानवशास्त्राच्या वर्गात जन्मले! युरोपीय पंडित जातीचे मूळ रंगात, धंद्यात, वंशात शोधत होते. बाबासाहेबांनी बोट ठेवले ते जातीअंतर्गत विवाहावर. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या प्रथा जातीची भिंत अभंग ठेवण्यासाठी कशा लागतात, हे त्यांनी दाखवले. पुढे १९४८च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये त्यांनी त्याच नाकांच्या मापांचे आकडे हाती घेतले आणि ब्राह्मण व अस्पृश्य वेगळ्या वंशाचे नाहीत, हे सिद्ध करण्यासाठी वापरले. शत्रूचे हत्यार शत्रूवरच उलटवणे म्हणजे काय, ते इथे शिकावे.

आणि ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’? लहानपणी वडिलांना भेटायला निघाल्यावर स्टेशनात अडकून पडलेली पोरे, १९१७चे बडोद्यातले पारशी विश्रामगृह, १९२९चा चाळीसगावचा टांगा. महाराला टांग्यात बसवायला टांगेवाला तयार होईना, म्हणून वस्तीतल्याच सवय नसलेल्या माणसाने टांगा हाकला आणि बाबासाहेब पुलावर फेकले गेले. स्वतःचा अनुभव स्थळ-काळासह पुरावा म्हणून मांडायचा, ही पद्धत आज विद्यापीठे मोठ्या नावाने शिकवतात. बाबासाहेबांनी ती केव्हाच वापरली होती.

आता मानवशास्त्रज्ञ आज काय करतात ते पाहा. ते केवळ जंगलातल्या जमाती शोधत फिरत नाहीत. ते न्यायालयात बसतात, कारखान्यात काम करतात, निवडणुकीच्या सभांना जातात, लोकांच्या फोनमध्ये काय चालते ते पाहतात. लंडनच्या डॅनियल मिलर यांच्या चमूतले नऊ अभ्यासक जगातल्या नऊ ठिकाणी प्रत्येकी पंधरा महिने राहिले, फक्त सोशल मीडिया माणसे कशी वापरतात हे समजून घ्यायला. त्यातले एक ठिकाण तामिळनाडूतले होते. पंधरा महिने! आमच्या वस्तीला दोन दिवस मिळाले होते. फरक इथेच आहे. सर्वेक्षण माणूस काय बोलतो ते लिहून घेते. मानवशास्त्र तो बोलतो काय आणि करतो काय, यातली फट शोधते. ती फट सापडायला वेळ लागतो, विश्वास लागतो आणि उपसरपंच सोबत नसावा लागतो.

अमेरिकेच्या लॉरा नेडर यांनी १९७२ साली आपल्याच बिरादरीला विचारले होते : तुम्ही नेहमी गरिबांचाच अभ्यास का करता? सत्तेत बसलेल्यांचा का नाही? त्या वाटेने जाणारे काम आपल्याकडेही झाले आहे. अजंता सुब्रमण्यन यांनी आयआयटी मद्रासचा अभ्यास करून २०१९ साली ‘द कास्ट ऑफ मेरिट’ हे पुस्तक लिहिले. उच्चजातीय आपली जात ‘गुणवत्ता’ या शब्दामागे कशी लपवतात आणि जात फक्त आरक्षणवाल्यांनाच असते असे कसे भासवतात, हे त्यात आहे. आपल्याला कॉलेजात ‘कोट्यातला’ म्हणणाऱ्याला उत्तर द्यायला असा अभ्यास दहा घोषणांपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

कुणी म्हणेल, हे सगळे ठीक, पण याने आमच्या गावात काय फरक पडतो? त्यांनी खैरलांजीकडे पाहावे.

२९ सप्टेंबर २००६. मोहाडी तालुक्यातले खैरलांजी. सुरेखा, प्रियंका, सुधीर आणि रोशन भोतमांगे यांना गावाने ठेचून मारले. शेतातून रस्ता काढण्यावरून वर्षानुवर्षे धुमसणारा वाद होता. शेजारच्या गावच्या बौद्ध पोलीस पाटलाला झालेल्या मारहाणीत सुरेखाताईंनी साक्ष दिली होती. त्यातले आरोपी जामिनावर सुटले आणि त्याच संध्याकाळी हे घडले. सुरुवातीला काय छापून आले? अनैतिक संबंध. लोक रस्त्यावर उतरले तेव्हा राज्याच्या गृहमंत्र्यांना आंदोलनामागे नक्षलवादी दिसले. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले, सहा जणांना फाशी सुनावली. पण ॲट्रॉसिटी कायदा लागू केला नाही. म्हणे हा सूड होता, जात नव्हे. जुलै २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने फाशीची शिक्षा २५ वर्षांच्या कारावासावर आणली आणि जातीचा मुद्दा तिथेही टिकला नाही. भैयालाल भोतमांगे जानेवारी २०१७ मध्ये गेले. त्यांच्या डोळ्यांदेखत घडलेल्या गोष्टीला कायद्याच्या कागदावर ‘जात’ हे नाव मिळालेले त्यांनी पाहिले नाही.

आता विचार करा. सूड आणि जात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे कोण मानू शकते? ज्याने गाव पाहिलेलेच नाही तो. बौद्ध बाईने स्वतःची जमीन कसावी, पोरीला शिकवावे, साक्ष द्यावी, हेच ज्या गावाला सहन होत नाही, तिथला सूड जातीतूनच उगवतो. हे दाखवायला ‘जातिवाचक शिवी दिली का?’ एवढा प्रश्न पुरत नाही. जमीन कुणाच्या नावावर, रस्ता कुणाला हवा, ग्रामपंचायत कुणाच्या हातात, कोण कुणाकडे मजुरीला जाते, कोण गप्प बसले आणि का, याची वर्षांची नोंद लागते. घटना घडल्यावर आपले कार्यकर्ते धावले, सत्यशोधन अहवाल लिहिले, त्यांना आमचा जयभीम. पण त्याआधीची वही कुठे होती? पुढे याच खैरलांजीची ‘तंटामुक्त गाव’ म्हणून निवड झाली. तंटा करणारे कुटुंबच उरले नाही, मग गाव तंटामुक्त होणारच! सरकारी नोंद अशी असते. आमच्या वस्तीतल्या ‘नाही’सारखी.

कायद्याचीही भाषा बदलली आहे. मूळ ॲट्रॉसिटी कायद्यात गंभीर गुन्हा पीडित अनुसूचित जातीचा आहे ‘या कारणावरून’ घडला हे सिद्ध करावे लागे. २६ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने पीडिताची जात ‘माहीत असून’ केलेला गुन्हा पुरेसा ठरवला. पण माहीत होते हे तरी कोण सांगणार? गावात कुणाला कुणाची जात माहीत असते, ती रोज कशी दाखवून दिली जाते, हे ज्याने टिपले आहे तोच.

आणि जात फोनमध्येही शिरली आहे. मे २०१५ मध्ये शिर्डीत मोबाईलच्या रिंगटोनवर भीमगीत वाजले म्हणून एका तरुणाला मारून टाकले. साधी रिंगटोन! म्हणून तंत्रज्ञान आले की जात जाईल, या भ्रमात राहू नका. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन कोण? ग्रामसभेची सूचना कोणत्या ग्रुपवर पडते आणि आपली वस्ती कोणत्या ग्रुपमध्ये आहे? बिडी वळून झिजलेला अंगठा रेशनच्या मशीनने घेतला नाही, तर कुणाला परत पाठवतात आणि कुणाला ‘उद्या या, करून देऊ’ म्हणतात? हे आजचे मानवशास्त्र आहे आणि त्याचे फील्ड आपल्या दारात आहे.

पण वही हातात घेतली की ती स्वतःकडेही वळवावी लागते. आपल्या वधू-वर परिचय मेळाव्यात बुद्धवंदना झाल्यावर कोपऱ्यात कोणता प्रश्न विचारला जातो? ‘बावणे की लाडवण?’ लग्नाच्या ॲपवर ‘बौद्ध’ लिहिलेले असते आणि फोनवर पोटजात विचारली जाते. १९१६ साली बाबासाहेबांनी ज्या भिंतीवर बोट ठेवले, ती भिंत बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात आपणच लिंपत असू, तर ते लिहून ठेवण्याची हिंमत आपल्यातच हवी. बाहेरचा अभ्यासक लिहील तेव्हा चिडण्यात अर्थ नाही.

काही जुने कार्यकर्ते म्हणतात, ‘अभ्यास पुरे, मोर्चा काढा.’ मोर्चा काढूच. पण मोर्चा निवेदन देऊन परततो. कोर्टात पुरावा लागतो. दुसरीकडे विद्यापीठातले काही विद्वान म्हणतात, ‘तुम्ही अनुभव सांगा, सिद्धांत आम्ही मांडू.’ प्रा. गोपाळ गुरू यांनी २००२ सालीच या कामवाटपाला सैद्धांतिक ब्राह्मण आणि अनुभवजन्य शूद्र अशी नावे दिली होती. आम्हाला दोन्ही नामंजूर आहे. अनुभवही आमचा, सिद्धांतही आम्ही मांडू.

तेव्हा भंडारा, मोहाडी, तुमसर, साकोली, लाखनी, लाखांदूर, पवनी, कुठेही असा, प्रत्येक बुद्धविहारात एक वही ठेवा. रोज नको, आठवड्यातून एकदा लिहा. तारीख, ठिकाण, कोण काय बोलले, काय केले. ऐकलेले आणि पाहिलेले वेगळे ठेवा. बोलणाऱ्याची परवानगी घ्या, नाव लपवायला सांगितले तर लपवा, आणि लिहिलेले त्याला वाचून दाखवा. झाडीबोलीत बोलला तर झाडीबोलीतच लिहा. १९५४ साली याच भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब हरले. त्या प्रचारात फिरलेला एखादा नव्वदीतला आजोबा तुमच्या वस्तीत असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि आजच त्याच्याकडे जा.

आमच्या आजीने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर बाहेरून आलेला कोणताही बाबू देणार नाही. पुढे काय होते, ते आपण काय लिहून ठेवतो यावर आहे.

जयभीम!