पाझरत नाही, म्हणजे काय?

नोकरीच्या पहिल्या दिवशी कंपनीने जे किट दिलं त्यात एक टीशर्ट, एक वही, लॅपटॉपवर चिकटवायचे स्टिकर आणि पाण्याची एक स्टीलची बाटली होती. बाटलीच्या बुडाशी हिरवं पान आणि त्याच्या शेजारी 'बीपीए-फ्री' हे शब्द. चार वर्षं मी ती रोज वापरली. गेल्या उन्हाळ्यात घरी गेलो, तेव्हा आईने प्रवासासाठी तीत कोकम सरबत भरायला घेतलं, बूड वाचलं आणि विचारलं, "हे बीपीए म्हणजे काय रे? आणि ते नाहीये, तर मग काय आहे?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला येत होतं. बीपीए म्हणजे बिसफेनॉल-ए. पॉलिकार्बोनेट नावाचं टणक, काचेसारखं पारदर्शक प्लॅस्टिक त्यापासून बनतं. धातूच्या डब्यांना आतून जो इपॉक्सीचा थर देतात, तोही बहुतेक वेळा त्यापासूनच. हे रसायन शरीरात इस्ट्रोजेनसारखं वागू शकतं, म्हणून त्याची चिंता. पण स्टीलमध्ये बीपीए कधीच नसतं. शेंगदाणा तेलाच्या डब्यावर 'कोलेस्ट्रॉल-फ्री' लिहितात, तसलाच हा प्रकार. जे मुळात नव्हतंच, ते काढून टाकल्याचं श्रेय घ्यायचं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला येत नव्हतं. म्हणून बाटली बनवणाऱ्या कंपनीला मेल पाठवला. तीन प्रश्न होते. झाकण कोणत्या प्लॅस्टिकचं आहे? आतून काही थर दिला आहे का? दोन भिंतींमधली हवा काढल्यावर बुडाचं छिद्र कशाने बुजवलं आहे? पाच दिवसांनी उत्तर आलं: आमची सर्व उत्पादनं फूड-ग्रेड आणि बीपीए-फ्री आहेत, आमच्यावर विश्वास दाखवल्याबद्दल आभार.

तीन प्रश्न विचारले होते, उत्तर मिळालं चौथ्याच प्रश्नाचं, जो मी विचारलाच नव्हता. ग्राहक सेवेतल्या त्या बिचाऱ्या माणसाला मी दोष देत नाही. त्याच्यापुढे तयार मजकूर असणार. दोष त्या मजकुरात आहे. बाटल्यांच्या धंद्याने खोटं न बोलता फसवण्याची एक पद्धत बसवली आहे: ग्राहक जे विचारतो त्याच्या शेजारच्या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचं.

या पद्धतीचा सगळ्यात शुद्ध नमुना पाहायचा असेल तर सिग या स्विस कंपनीकडे पाहावं. १९०८ पासूनची ही कंपनी. तिच्या ॲल्युमिनियमच्या रंगीत बाटल्या म्हणजे पर्यावरणाची काळजी असणाऱ्यांची खूण झाली होती. एप्रिल २००८मध्ये कॅनडाच्या आरोग्य खात्याने बीपीएला धोकादायक ठरवण्याचा आणि बाळांच्या दुधाच्या पॉलिकार्बोनेट बाटल्यांवर बंदी घालण्याचा प्रस्ताव मांडला. त्याच सुमारास नॅलजीन या प्रसिद्ध अमेरिकी ब्रँडने पॉलिकार्बोनेटच्या बाटल्या बंद करत असल्याचं जाहीर केलं. घाबरलेले लोक प्लॅस्टिक सोडून धातूकडे वळले. सिगकडे वळलेल्यांत लहान मुलांचे आईबाप पुष्कळ होते.

आता ॲल्युमिनियमची एक अडचण आहे. आंबट पेयाशी त्याची रासायनिक क्रिया होते, म्हणून आतून अस्तर लागतं. सिगचं अस्तर कशाचं होतं? लोक विचारत होते. कंपनी सांगत होती की चाचण्यांमध्ये आमच्या अस्तरातून बीपीए पाझरत नाही. लोकांनी ऐकलं की त्यात बीपीए नाही.

ऑगस्ट २००९मध्ये कंपनीचे प्रमुख स्टीव्ह वॅसिक यांनी एक पत्र प्रसिद्ध केलं. ऑगस्ट २००८च्या आधी बनलेल्या बाटल्यांच्या अस्तरात बीपीएचा अंश होता, हे त्यात कबूल केलं होतं. नंतरच्या बाटल्यांत नवं अस्तर आलं होतं. तारखा पुन्हा वाचा. अस्तर बदललं २००८मध्ये, सांगितलं २००९मध्ये. मधलं वर्षभर दुकानांत आणि घरांत दोन्ही प्रकारच्या बाटल्या होत्या, आणि आपल्या मुलाच्या दप्तरात कोणती आहे हे ओळखायचं असतं याची आईबापांना कल्पनाच नव्हती. संताप उसळला. वॅसिक यांनी माफी मागितली, जुन्या बाटल्या बदलून द्यायची योजना आली. पॅटागोनिया या कपड्यांच्या कंपनीने सिगबरोबर जोडनावाने बाटल्या काढणं थांबवलं. ग्राहक कोर्टात गेले.

यावर एक प्रामाणिक आक्षेप आहे, तो टाळून चालणार नाही. चाचणीत जर काहीच पाझरलं नाही, तर इजा कोणाला झाली? कदाचित कोणालाच नाही. विष मात्रेवर ठरतं, हे मला मान्य आहे. पण माझं भांडण मात्रेशी नाही. 'आत आहे का?' आणि 'बाहेर येतं का?' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याचं उत्तर चाचणी कशी केली यावर अवलंबून असतं: पाणी किती गरम, किती तास, बाटली नवी की पोचे पडलेली. पहिल्याचं उत्तर हो किंवा नाही एवढंच असतं. पहिलं उत्तर हातात असताना दुसरंच पुढे करणाऱ्याने माझ्या वतीने निर्णय घेतलेला असतो, आणि मला तो घेतल्याचंही कळू दिलेलं नसतं.

हे मी इतक्या खात्रीने सांगतो, कारण हेच मी स्वतः केलं आहे.

आधीच्या नोकरीत मी औषधांच्या वेळा लक्षात आणून देणाऱ्या एका ॲपवर काम करायचो. काही फोनमध्ये फोन बंद करून पुन्हा सुरू केला की आठवण वाजायचीच नाही. दोष माझ्याच कोडमध्ये होता. सापडल्यावर आम्ही रात्रीत दुरुस्त केला. नव्या आवृत्तीबरोबर काय बदललं ते लिहायचं असतं. मी खरं लिहिलं होतं. बैठकीत कोणी तरी म्हणालं, लोक उगाच घाबरतील. शेवटी छापलं गेलं: 'किरकोळ सुधारणा आणि कामगिरीत वाढ.' त्या खोलीत कोणीही खोटं बोललं नव्हतं. सुधारणा झाली होतीच. पण ज्याने ॲप अद्ययावत केलं नाही, त्याला ते तातडीने करायला हवं हे कळायची सोयच आम्ही ठेवली नाही. सिगचं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ती खोली आठवली. अस्तर गुपचूप बदलणं म्हणजे आमच्या भाषेत सायलेंट पॅच. करणाऱ्याला त्यात प्रामाणिकपणाच वाटतो, कारण चूक तर दुरुस्त केलेली असते.

मग सरकारी नियम कशासाठी आहेत? तेही नीट वाचावे लागतात. अमेरिकेच्या एफडीएने २०१२मध्ये बाळांच्या बाटल्यांतून पॉलिकार्बोनेटची परवानगी काढली. कारण काय दिलं? धोका नव्हे. रसायन उद्योगाच्या संघटनेनेच अर्ज केला होता की हा वापर आता कोणी करत नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने मात्र एप्रिल २०२३मध्ये बीपीएची रोजची सुसह्य मात्रा दर किलो वजनामागे ४ मायक्रोग्रॅमवरून ०.२ नॅनोग्रॅमवर आणली. म्हणजे २० हजार पटींनी कमी. त्यानंतर युरोपीय संघाने अन्नाला लागणाऱ्या वस्तूंमध्ये बीपीए वापरण्यावर बंदी आणली, ती जानेवारी २०२५मध्ये अमलात आली आणि जुन्या मालासाठी मुदत दिली गेली. दोन मोठ्या संस्थांचं अजूनही एकमत नाही. शास्त्रज्ञांचे मतभेद असणारच. पण ज्या आकड्यावर काल सगळ्यांना निर्धास्त केलं गेलं, तो उद्या २० हजार पटींनी खाली येऊ शकतो. अशा वेळी 'आत काय आहे' हे माहीत असलेला माणूस स्वतः ठरवू शकतो. 'मर्यादेच्या आत आहे' एवढंच माहीत असलेला ठरवू शकत नाही.

'फ्री' या शब्दाचीही तीच गत. बीपीए काढून अनेक ठिकाणी बिसफेनॉल-एस आलं. त्याच कुळातला भाऊ. वस्तूवर 'बीपीए-फ्री' लिहिलेलं अक्षरशः खरं, आणि भावाबद्दल अवाक्षर नाही. युरोपच्या नव्या नियमाने इतर घातक बिसफेनॉलही कक्षेत घेतले, ते याचमुळे. प्लॅस्टिकच्या बुडाशी त्रिकोणात असतो तो आकडा पाहावा, तर ७ म्हणजे 'इतर'. त्यात पॉलिकार्बोनेटही येतं आणि त्याच्याऐवजी आलेलं बिसफेनॉलविरहित ट्रायटनही. ज्या दोघांत फरक करायचा, त्या दोघांना एकच आकडा.

स्टीलवाल्यांनी हसू नये. जानेवारी २०२४मध्ये इंस्टाग्राम-टिकटॉकवर मिरवणाऱ्या स्टॅन्ली कपांबद्दल गवगवा झाला, तेव्हा कंपनीने मान्य केलं की बुडाचं छिद्र बुजवायच्या गोळीत शिसं असतं. वरून स्टीलची चकती बसवलेली असते, त्यामुळे शिशाचा पिणाऱ्याशी संबंध येत नाही, असंही सांगितलं. चकती शाबूत असेतो ते खरंच आहे. पण ती निघू शकते हे माहीत असलं तरच माणूस बुडाकडे बघेल ना? हायड्रो फ्लास्क या स्पर्धक कंपनीने आपण शिसं केव्हाच सोडल्याचं सांगितलं. म्हणजे दुसरा मार्ग होता.

आपल्याकडे हा विषय परका नाही. पितळेच्या भांड्यात आंबट ठेवलं की ते कळकतं, हे माझ्या आजीला कोणी शिकवावं लागलं नाही. म्हणून कल्हई. कल्हई म्हणजे अस्तरच की! पण ते अस्तर कथलाचं आहे हे सगळ्या गल्लीला माहीत होतं, कल्हईवाला ते अंगणात बसून सगळ्यांसमोर चढवायचा, आणि उडालं की आतलं पिवळं दिसायचं. तिथेही लबाडी होती, कथलात शिसं मिसळणारे होते. पण आजीला निदान काय विचारायचं ते ठाऊक होतं. माझ्या हातातल्या बाटलीबद्दल मला तेवढंही ठाऊक नाही, आणि मी इंजिनिअर आहे.

भारतात तांबं, स्टील आणि ॲल्युमिनियमच्या पाण्याच्या बाटल्यांसाठी आयएस १७८०३ हे मानक आहे, आणि २०२३च्या आदेशाने आयएसआय चिन्ह बंधनकारक करण्यात आलं. बाटलीवरचा परवाना क्रमांक 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकून चिन्ह खरं की नकली हे पाहता येतं. हे जरूर करा, दोन मिनिटांचं काम आहे. पण बाटली मानकात बसते एवढंच चिन्ह सांगतं. कशाची बनली आहे, हे कंपनीनेच सांगायला हवं.

माझी मागणी चार ओळींची आहे. पाण्याला लागणारा प्रत्येक भाग कोणत्या पदार्थाचा आहे. आत अस्तर असेल तर ते कशाचं. छिद्र कशाने बुजवलं. आणि यातलं काही बदललं तर कधीपासून. बिस्किटाच्या पाच रुपयांच्या पुड्यावर घटक छापता येतात, तर आठशे रुपयांच्या बाटलीवरही येतील. फॉर्म्युला गुपित असतो, असं कंपन्या म्हणतील. बिस्किटवालाही कृती सांगत नाही, मैदा आहे एवढं सांगतो.

बाटलीच्या कंपनीला मी तेच तीन प्रश्न पुन्हा पाठवले आहेत. प्रत्येकापुढे लिहिलं आहे: 'कृपया बीपीएबद्दल सांगू नये.' अजून उत्तर नाही. आईला मी एवढंच सांगू शकलो की सरबत काचेच्या बाटलीत भर. आणि नव्या नोकरीत परवा माझ्याकडून एक चूक झाली, तेव्हा बदलांच्या यादीत काय बिघडलं होतं, कोणाचं, कोणत्या तारखेपासून, हे लिहिलं. बैठकीत कोणी तरी म्हणालंच, लोक घाबरतील. म्हटलं, घाबरू देत. मजकूर तसाच गेला.