ठपका आईवर, उशीर कुणाचा?

मूल न्यूमोनियाने दगावलं की ठपका आईवर ठेवायची सोय फार जुनी. बाई अडाणी, ओव्याने शेकत बसली, आणलं तेव्हा वेळ निघून गेली होती. मुंबईतल्या जोगेश्वरी पूर्वेच्या वस्त्यांबद्दल तर हे पुराव्याविना खरं मानलं जातं.

त्यातलं खरं आधी मान्य करू. खोकला ऐकू येतो, ताप हाताला लागतो. वाढलेला श्वास मात्र मुकाट असतो. झोपलेलं मूल भराभर श्वास घेतंय, हे पुष्कळ आयांच्या ध्यानात येत नाही. पण बरगड्यांखाली खळगा पडू लागला की आई गप्प बसत नाही. 'पोट उडतंय' म्हणते. शेजारीण 'पसली चल रही है' म्हणते. डॉक्टरी पुस्तकातली धोक्याची खूण हीच. एवढं सांगूनही गल्लीतल्या दवाखान्यात पोराचा सदरा वर न करताच खोकल्याची बाटली हातात पडते, तो उशीर कुणाच्या नावावर मांडायचा?

अडाणीपणाचा मुद्दा तर गडचिरोलीने केव्हाच निकालात काढलाय. 1988 मध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 58 गावांत लोकांना न्यूमोनियाच्या खुणा सांगितल्या, आणि तो ओळखून औषध द्यायला गावातल्याच माणसांना शिकवलं. त्यांत सुईणीही होत्या. पन्नासपर्यंत मोजता न येणाऱ्यांसाठी पुढे श्वास मोजायचं मण्यांचं साधनही केलं. ही सोय नसलेल्या गावांच्या मानाने तिथले न्यूमोनियाचे बालमृत्यू निम्म्याहून कमी भरले. 1990 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने ते छापलं. सुईणींना जमलं ते मोबाइलवर भिशीचा हिशेब ठेवणाऱ्या जोगेश्वरीकरणीला जमणार नाही, असं म्हणणाऱ्याने कारण द्यावं.

ओव्याचा शेक वैरी नव्हे. त्याच्या भरवशावर रात्र काढणं वाईट. (धुरी मात्र नकोच.) आणि धुण्याभांड्यांची कामं आटपून संध्याकाळी घरी येणाऱ्या बाईला सकाळची ओपीडी काय कामाची? महापालिकेने 2022 मध्ये सुरू केलेला 'आपला दवाखाना' संध्याकाळीही उघडा ठेवण्याचा विचार म्हणूनच योग्य होता.

आता आयांनो, मूल शांत असताना पूर्ण मिनिटभर श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आत 60, वर्षाच्या आत 50, पुढे पाच वर्षांपर्यंत 40 किंवा जास्त भरले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पोट उडत असेल, मूल दूध ओढत नसेल किंवा मलूल पडलं असेल, तर थेट रुग्णालय. आणि डॉक्टरसाहेब, सदरा वर करा.