लस एक, वाण अनेक

कारंजा तालुक्यांतील शेतकऱ्याचें निम्मे भांडवल दावणीला बांधलेलें असतें. म्हणूनच एक प्रश्न विचार करण्याजोगा आहे. एकाच दावणीच्या दोन बैलांस एकाच दिवशीं लस टोंचावी आणि सांथींत एक पडावा, दुसरा उभा रहावा, असें कां व्हावें? लस थंड न राखणें, ती उशिरां टोंचणें हीं कारणें आहेतच. पण एक कारण जनावराच्या वंशांतही असतें.

शरीरांत शिरलेल्या विषाणूचे तुकडे पकडून रक्षक पेशींपुढें मांडण्याचें काम कांहीं जनुकें ठरवितात. गुरांतील या जनुकसमूहास 'बोला' असें नांव आहे. त्यांतील 'डीआरबी-३' या एकाच जनुकाचीं शेंकडों रूपें आढळलीं आहेत. एका रूपाच्या पकडींत बसणारा तुकडा दुसऱ्याच्या पकडींत बसेलच असें नाहीं. यामुळेंच लाळ-खुरकूत रोगाच्या विषाणूचा एखादाच तुकडा घेऊन केलेल्या लसी कांहीं गुरांस लागू पडल्या, कांहींस पडल्या नाहींत. आपल्याकडे टोंचली जाणारी लस संपूर्ण, पण मारलेल्या विषाणूची असते, तें योग्यच होय.

वाणावाणांतील हा भेद आपल्या देशानें पूर्वींच अनुभविला आहे. बुळकांडीवर मुक्तेश्वर येथें एडवर्ड्स यांनीं १९२० नंतरच्या दशकांत शेळींत वाढविलेल्या विषाणूची लस सिद्ध केली. मैदानी देशी गुरांस ती मानवली; डोंगरी, विलायती व संकरित गुरांस मात्र जड गेली. त्यांच्यासाठीं सशांत वाढविलेली सौम्य लस वापरावी लागली. पुढें सर्व वाणांस चालणारी, पेशींवर वाढविलेली लस आली, आणि २०११ सालीं बुळकांडी जगांतून गेल्याचें जाहीर झालें.

तेव्हां आमचें स्पष्ट मत असें कीं, प्रत्येक नव्या लसीची पारख विदर्भांतील गवळाऊ गाय, नागपुरी म्हैस आणि संकरित गाय यांवर निरनिराळी व्हावी. कृत्रिम रेतनासाठीं सर्व गांवानें एकाच वळूचें रेत वापरूं नये. सगळा कळप एका रक्ताचा झाला, तर एकाच विषाणूस सर्व गोठे मोकळे होतील. शेतकऱ्यांनींही कानांतील बिल्ल्याचा क्रमांक, वाण व टोंचणीची तारीख लिहून ठेवावी. लस घेतलेलें जनावर आजारी पडल्यास पशुवैद्यकीय दवाखान्यास तत्काळ कळवावें.

आणि लस मुळींच टाळूं नये. ज्या जनावराच्या अंगीं ती नीट लागत नाहीं, त्याचें रक्षण शेजारच्या गोठ्यांतील लस घेतलेलीं गुरेंच करितात.