बरे होण्याचा अधिकार

गेल्या वर्षी दिवाळीच्या आठ-दहा दिवस आधी सातपुड्यातील एका पाड्यावरची बैठक आटोपून परतत असताना घाटाच्या वळणावर माझी मोटारसायकल खडीवरून घसरली आणि उजव्या पायाच्या नडगीचे हाड मोडले. हा वैयक्तिक प्रसंग या पानावर आणताना संकोच वाटतो. परंतु त्यानंतरच्या पाच महिन्यांत जे पाहिले आणि सोसले, त्याचा आपल्या चळवळीच्या विचारांशी फार निकटचा संबंध आहे, असे मला वाटू लागले आहे. म्हणून हे लिहीत आहे.

अपघात झाला तेथे फोनला रेंज नव्हती. शेळ्या राखणाऱ्या दोन मुलांनी मला पाहिले आणि पाड्यावर धाव घेतली. थोड्याच वेळात चौघे जण बांबू आणि घोंगडी घेऊन आले. बांबूच्या कामट्या दोन्ही बाजूंना लावून त्यांनी माझा पाय फडक्याने घट्ट बांधला, मला झोळीत घातले आणि दीड तास उतार उतरून जीप मिळेल अशा रस्त्यापर्यंत आणले. मी कोण, कुठला, कोणत्या पक्षाचा, हे त्यांपैकी एकानेही विचारले नाही. चौघांचीही त्या दिवसाची मजुरी बुडाली. तिचा उल्लेखही कोणी केला नाही. डोंगरातली माणसे आपल्या आजाऱ्यांना आणि अडलेल्या बायकांना पिढ्यान् पिढ्या याच झोळीतून नेत आली आहेत. आपण शहरवासी या झोळीची छायाचित्रे पाहून हळहळतो. त्या दिवशी मला मात्र ती तेथील एकमेव कार्यरत सार्वजनिक व्यवस्था वाटली.

प्राथमिक आरोग्य केंद्रातील तरुण डॉक्टरांनी हाताशी होते तेवढ्या साधनांनी शक्य ते सारे केले. पुढच्या मोठ्या रुग्णालयात क्ष-किरण यंत्र होते, पण ते चालवणाऱ्या तंत्रज्ञाची जागा रिकामी होती. यंत्रावर कापडी आच्छादन नीटनेटके घातलेले होते. तेथून जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचेपर्यंत रात्र झाली.

तेथे माझ्या शेजारच्या खाटेवर एक आदिवासी तरुण होता. त्याचाही अपघात मोटारसायकलचाच आणि मोडलेले हाडही तेच. माझी शस्त्रक्रिया झाली. त्याच्या पायाला प्लास्टर घातले गेले. डॉक्टरांनी दोघांनाही सांगितले, की हे हाड पूर्ण जुळण्यास चार ते सहा महिने लागतात आणि सांगेपर्यंत पायावर भार द्यायचा नाही. उपचारांत भेदभाव झाला, असे मी म्हणणार नाही. भेद सुरू झाला तो रुग्णालयाच्या दाराबाहेर पडल्यावर.

मी एका अनुदानित महाविद्यालयात शिकवतो. मला वैद्यकीय रजा मिळाली आणि पगार चालू राहिला. गुडघा आखडू नये म्हणून व्यायाम करवून घेणारा माणूस घरी येत होता. पत्नीने पाच महिने माझी सेवा केली. तो तरुण दरवर्षी ऊसतोडीसाठी गुजरातेत जातो. अपघातापूर्वीच त्याने मुकादमाकडून उचल घेतली होती. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. नवरा खाटेवर पडला तर बायकोचाही रोजगार बुडतो आणि उचल मात्र फिटायची राहते. पाचव्या आठवड्यात मुकादमाचा निरोप आला. त्याने विळ्याने स्वतःच प्लास्टर कापून काढले आणि टोळीबरोबर गेला. उन्हाळ्यात परतला तेव्हा मी त्याच्या पाड्यावर गेलो होतो. त्याचे हाड वाकडे जुळले आहे. तिशीही न ओलांडलेला तो माणूस आता लंगडतो. पुढच्या वर्षी मुकादम कोयता देईल की नाही, याची त्याला धास्ती आहे.

हाड तेच, तालुका तोच, रुग्णालयही तेच. एकजण काठीविना चालू लागला आणि दुसरा जन्माचा अधू झाला. या दोहोंमधील अंतर वैद्यकशास्त्राने पाडलेले नाही. ते पगारी रजेने पाडले आहे.

कायद्यांची उणीव आहे, असे म्हणता येत नाही. खेड्यापाड्यापर्यंत आरोग्यसेवा पोहोचवण्याचा आराखडा भोर समितीने १९४६ मध्येच मांडला होता. डोंगरी आणि आदिवासी भागात वीस हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हे प्रमाण आपणच ठरवले. रेल्वेगाडीतून पडून जखमी झालेल्या एका शेतमजुराला कोलकात्यातील एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवले, तेव्हा तातडीचे उपचार नाकारणे म्हणजे जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये दिला. जखमीला मदत करणाऱ्यास त्रास होऊ नये, म्हणून २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात तरतूद झाली. २०२५ मध्ये केंद्र सरकारने अपघातग्रस्तांसाठी दीड लाख रुपयांपर्यंतच्या विनारोकड उपचारांची योजना लागू केली. हे सारे स्वागतार्हच आहे. पण या योजनेची मुदत अपघातापासून सात दिवसांची आहे, आणि हाड जुळण्यास लागतात सहा महिने. वाहनमालकाच्या सक्तीच्या अपघात विम्याचा आधारही मुख्यतः मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यावरचा. म्हणजे तो तरुण मेला असता किंवा त्याचा पाय गेला असता, तर कागदोपत्री दखल झाली असती. तो बरा व्हावा म्हणून मात्र कोणतीही व्यवस्था पुढे येत नाही.

यावर कोणी म्हणेल, की मोटारसायकल बेताने चालवावी. खरे आहे. मीही त्या वळणावर वेग कमी करावयास हवा होता. शिरस्त्राण होते म्हणूनच आज हे लिहितो आहे. परंतु २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांवर माणसे मेली आणि त्यांत सुमारे ४४ टक्के दुचाकीस्वार होते. एवढे सारे केवळ बेफिकिरीचे बळी म्हणावयाचे काय? ज्या पाड्यावर एस.टी. येत नाही, किंवा आली तर दिवसातून एकदाच येते, तेथे कर्जाने घेतलेली मोटारसायकल ही चैन राहत नाही. सार्वजनिक वाहतूक पोहोचत नाही, तेव्हा गरीब माणूस ती उणीव स्वतःच्या कर्जाने आणि स्वतःच्या हाडांनी भरून काढतो.

आजारपणात मजुरी मिळावी, ही काही स्वप्नाळू मागणी नव्हे. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने संघटित कामगारांपुरते हे तत्त्व केव्हाच मान्य केले. विमाधारक कामगाराला आजारपणात वेतनाच्या सत्तर टक्क्यांपर्यंत रक्कम वर्षातील ९१ दिवसांपर्यंत मिळू शकते. कारखान्याच्या दाराशी जे तत्त्व न्याय्य ठरते, ते त्याच कारखान्याला ऊस पुरवणाऱ्या फडात अन्याय्य कसे ठरेल?

येथे आपणही आत्मपरीक्षण केले पाहिजे. आपण रुग्णालयाच्या इमारतीसाठी मोर्चे काढले, रुग्णवाहिकेसाठी निवेदने दिली. इमारत झाली की आपण विजयाचे पेढे वाटले. त्या इमारतीतील तंत्रज्ञाची जागा किती महिने रिकामी आहे, घरी गेलेल्या रुग्णाच्या चुलीवर काय शिजते, पायाचा व्यायाम त्याला कोण शिकवतो, हे प्रश्न आपल्या ठरावांत आले नाहीत. आजाऱ्याची महिनोन्महिने चालणारी शुश्रूषा हे बायकांचे घरकाम समजून आपणही ते गृहीत धरले. त्या तरुणाच्या बायकोचा कोयता थांबला, ही गोष्ट कोणत्याही नुकसानभरपाईच्या अर्जात लिहिण्यास रकाना नाही.

म्हणून तालुका पातळीवरच्या कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे. आपल्या भागातील प्रत्येक सरकारी रुग्णालयात कोणती यंत्रे आहेत आणि ती चालवणारे कोण आहेत, याची यादी करा. कोणत्या पाड्यावर एस.टी. जात नाही, ते नोंदवा. ऊसतोड आणि असंघटित मजुरांना बरे होईपर्यंत मजुरीची भरपाई आणि तोवर उचलीच्या वसुलीला स्थगिती, ही मागणी येत्या हंगामापूर्वी धसास लावू या.

झोळी वाहणाऱ्या त्या चौघांना भेटण्यास मी बरा झाल्यावर गेलो. बुडालेल्या मजुरीचे पैसे देऊ केले, ते त्यांनी घेतले नाहीत. त्यांतील वडीलधारे गृहस्थ म्हणाले, ‘‘दादा, आमच्यातला कोणी पडला तर तुम्ही या.’’ त्यांच्यातला एकजण पडला होता, माझ्या शेजारच्याच खाटेवर, आणि तेव्हा आपण कोणीच गेलो नव्हतो.